देवनहळ्ळीहून निम्हान्स किती लांब?

महाराष्ट्रात कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायची रीत आहे. पुण्यात त्याच चेष्टेला येरवडा लागतो, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांत धारवाडचं नाव निघतं, कारण तिथलं मनोरुग्णांचं इस्पितळ १८४५ सालचं, म्हणजे तो मुलूख मुंबई इलाख्यात होता तेव्हाचं. बेंगळुरूत हा मान निम्हान्सला. चेष्टेसाठी पत्ता सगळ्यांना पाठ असतो. पण खरंच आपलं माणूस घेऊन जायची वेळ आली, की घरात एकालाही धड माहिती नसते. कुणाला आधी भेटायचं, चिठ्ठी लागते का, लगेच भरती करून घेतात का, आणि एकदा नाव नोंदलं की मुलीच्या लग्नापर्यंत ते पाठ सोडत नाही म्हणतात ते खरं का?

हे प्रश्न कुठूनही विचारता येतात. मी देवनहळ्ळीतून विचारतो आहे, कारण देशातली मानसिक आरोग्याची सर्वांत नावाजलेली संस्था, निम्हान्स, ज्या शहरात आहे, त्याच शहराच्या उत्तर टोकाचं हे तालुक्याचं गाव. टिपू सुलतानाचा जन्म इथला. किल्ला अजून उभा आहे. इथल्या पपनसाला, म्हणजे कन्नडमधल्या चकोत्याला, भौगोलिक मानांकन आहे. २४ मे २००८ला इथला विमानतळ सुरू झाला आणि गावाचं गणित बदललं. द्राक्षमळ्यांच्या शेजारी विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले, फोन जोडणाऱ्या कारखान्यात हजारो तरुण मुली गावोगावहून येऊन वसतिगृहांत राहू लागल्या, शेतांत वीस-वीस मजल्यांचे मनोरे उगवले. कुणी जमीन विकून एका रात्रीत पैसेवाला झाला, तर चन्नरायपट्टण होबळीतले, म्हणजे महसुली मंडळातले, शेतकरी १,७७७ एकर सरकारी भूसंपादनातून वाचवण्यासाठी हजाराहून जास्त दिवस धरणं धरून बसले. जुलै २०२५मध्ये सरकारने ते भूसंपादन सोडून दिलं. एवढ्या उलथापालथीत माणसांच्या झोपेचं काय होत असेल, याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर होत नाही.

या नव्या वस्तीत मराठी घरंही आहेत. असं एक घर मनात धरू. हे कुणा एकाचं नाही, मी रचलेलं आहे, पण अशा घरांच्या सगळ्या अडचणी त्यात खऱ्या आहेत. नवरा सांगलीकडचा, विमानतळावर पाळ्यांची नोकरी. बायको कराडची, तिला कन्नड येत नाही. बाळ अडीच महिन्यांचं. माहेरी बाळंतपण करून ती परत आली आहे. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. दुपारी उगाच रडू येतं. आपल्याच्याने हे मूल वाढणार नाही, ते आपल्यावाचून बरं राहील, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई फोनवर म्हणतात, ‘ओली बाळंतीण आहेस, असं होतंच.’ नवऱ्याला वाटतं, करमत नसेल. तो म्हणतो, ‘आईला बोलावून घे ना थोडे दिवस.’ शेजारच्या ताई चांगल्या आहेत, पण तमिळ-इंग्रजी बोलणाऱ्या. सोसायटीच्या मराठी ग्रुपवर गणपतीची वर्गणी आणि चितळ्यांच्या बाकरवडीची ऑर्डर चालते. तिथे कोण विचारणार?

बाळंतपणानंतरचं हे नैराश्य फार दुर्मीळ समजू नये. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा २३ टक्के बायकांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी धड नसलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ‘असं होतंच’ म्हणणाऱ्या सासूबाई आकड्यांच्या हिशेबाने चुकत नाहीत. चूक पुढची आहे, ‘होतंच’ म्हणून सोडून देण्याची.

आता एक बारीक गोष्ट. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी लस असते. म्हणजे नैराश्य बळावण्याच्या नेमक्या काळात ही बाई तीन वेळा आरोग्यसेविकेसमोर बसते. बाळाचं वजन होतं, कार्डावर तारीख पडते, ताप आला तर कोणतं औषध द्यायचं ते सांगितलं जातं. ‘तुला झोप लागते का गं?’ हे विचारायला अर्धं मिनिट लागेल. एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९८७ साली तयार केलेली दहा प्रश्नांची यादी आहे. कागद आणि पेन असलं की पाच-दहा मिनिटांत भरून होते, आणि ती कन्नडमध्येही आणलेली आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तो विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरतात ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं यानेच पुष्कळांना मोकळा श्वास मिळतो. बाळाच्या कार्डावर आईसाठी एक रकाना वाढवायला कुणाची हरकत असावी, मला कळत नाही.

पण तिथे कुणी विचारलं नाही असं धरू. मग घर शोधाला लागतं. पहिला शोध बहुतेक वेळा डॉक्टरचा नसतोच. मराठी घराला दत्ताची वाट माहीत असते, आणि गाणगापूर याच राज्यात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या ‘बाहेरचं’ झालेली माणसं तिथे नेली जातात. यावर तोंड वाकडं करणं सोपं आहे. निम्हान्सच्या डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड वाकडं न करता मोजून पाहिलं. तमिळनाडूतल्या एका देवळात येऊन राहणाऱ्या ३१ रुग्णांची लक्षणं त्यांनी येताना आणि जाताना तपासली. रुग्ण सरासरी सहा आठवडे राहिले, त्यांना औषध नव्हतं आणि मंत्रतंत्रही नव्हते, तरी लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी उतरली. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००२ साली तो अभ्यास छापला. शांत जागा, नेमलेली हलकी कामं, सोबत घरचं माणूस आणि कुणी हिडीसफिडीस न करणं, एवढंच तिथे होतं. पण त्याच तमिळनाडूत, एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे झोपडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. देवस्थान एवढं एकच सांगून भागत नाही. तिथे माणसाला कसं ठेवतात ते बघावं लागतं, आणि चालू असलेली गोळी तिथे बंद करू नये.

देवाच्या वाटेनंतर, किंवा तिच्या आधी, निम्हान्सचं नाव निघतं. देवनहळ्ळीहून होसूर रस्त्यावरच्या त्या आवाराकडे जायचं म्हणजे सगळं शहर उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडायचं, चाळीसेक किलोमीटर, मध्ये हेब्बाळचा पूल. तान्हं बाळ, रडवेली बाई आणि रात्रपाळी करून आलेला नवरा हा प्रवास एकदा करतील. दर पंधरा दिवसांनी करतील का? निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत या हेलपाट्यांचा हिशेब आहे. उपचार आणि प्रवास मिळून घराला महिन्याला हजार ते दीड हजार रुपये लागत होते. त्याच पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर होते. इमारती आणि खाटा वाढवून एवढी मोठी फट बुजणार नाही, हे बेंगळुरूच्या डॉक्टरांना त्या पाहणीच्या चाळीस वर्षं आधी कळलं होतं.

ती हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. बेंगळुरूत १८४७ सालापासून वेड्यांचं इस्पितळ होतं, १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि २७ डिसेंबर १९७४ला दोन्ही मिळून निम्हान्स झालं. लगेच पुढच्या वर्षी तिथे सामुदायिक मानसोपचाराचा विभाग निघाला, आणि आनेकल तालुक्यातल्या साकलवारा या खेड्यात केंद्र उभं राहिलं. तिथे प्राथमिक केंद्राचे डॉक्टर, परिचारिका आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते यांना शिकवायचं ठरलं. काय शिकवायचं, तर आकडी कशी ओळखायची, भ्रम कसा ओळखायचा, नैराश्य कसं ओळखायचं, कुठली चार औषधं द्यायची आणि कधी पुढे पाठवायचं. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९८५पासून बळ्ळारी जिल्ह्यात डॉ. श्रीनिवास मूर्ती, डॉ. मोहन आयझॅक, डॉ. सी. आर. चंद्रशेखर यांनी हा प्रयोग अख्ख्या जिल्ह्यावर करून दाखवला. आज देशभर जो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो त्याचा हा मूळ नकाशा. चंद्रशेखरांनी पुढे जन्मभर कन्नडमधून लोकांसाठी पुस्तकं लिहिली, पत्रांना उत्तरं दिली, सामान्य माणसांना समुपदेशन शिकवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुठल्याही कन्नड पुस्तकाच्या दुकानात त्यांची पुस्तकं असतात. मराठीत डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्याच्या ‘आयपीएच’ या संस्थेतून १९९०पासून जे केलं, त्याची तिकडची जोडी म्हणायला हरकत नाही.

बळ्ळारीचं आजचं रूप देवनहळ्ळीत शोधायचं तर मंगळवार लक्षात ठेवावा लागतो. कर्नाटकाने २०१४ साली ‘मनोचैतन्य’ नावाने योजना आणली. मानसोपचारतज्ज्ञाने ठरल्या मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येऊन बाह्यरुग्ण तपासायचे. तपासणी फुकट, औषधं फुकट. कल्पना उत्तम. विमानतळाचा कर्मचारी आणि मळ्यातला मजूर एकाच रांगेत बसू शकतात. शिवाय सगळ्या ओपीडीच्या गर्दीत कोण दातासाठी आलंय आणि कोण डोक्यासाठी, ते कुणाला कळत नाही. पण मंगळवार चुकला की पुढचा मंगळवार, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. पाळीची नोकरी असलेल्याने आदल्या दिवशी दवाखान्यात विचारून घ्यावं: या मंगळवारी डॉक्टर येणार का, किती वाजेपर्यंत असतात. गावात आकाश वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. पहिल्या भेटीसाठी होसूर रस्ता गाठायलाच हवा असं नाही.

पण आपल्या कल्पनेतल्या बाईसाठी होसूर रस्त्यावरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. निम्हान्समध्ये २००९पासून आई आणि तान्हं बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष आहे, दक्षिण आशियातला अशा प्रकारचा पहिला. डॉ. प्रभा चंद्रा यांनी तो उभा केला. आजार तीव्र असेल तर एरवी आईला भरती करतात आणि बाळ आजीकडे जातं, अंगावरचं दूध तुटतं, आणि बाईला जी भीती खात असते की मी आई म्हणून नालायक आहे, तीच खरी ठरल्यासारखी होते. इथे बाळ सोबत राहतं आणि घरातली एक बाईही सोबत राहते. आई बाळाकडे बघते का, त्याच्याशी बोलते का, हे उपचारात मोजलं जातं. घरच्यांना इस्पितळात ठेवून घेण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले होते.

बहुतेकांना मात्र भरती लागत नाही. काय लागतं ते दाखवणारे दोन प्रयोग आपल्या घरचे आहेत. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना काही आठवडे शिकवून प्राथमिक केंद्रांत बसवलं. सहा ते आठ बैठका. निराश माणसाला कारणं विचारत बसायचं नाही, त्याने सोडून दिलेली छोटी कामं एकेक करून परत सुरू करायला लावायची. २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेले निकाल सांगतात की याने तीव्र नैराश्यही उतरतं. दुसरा प्रयोग अमरावती जिल्ह्यातला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोखरलेल्या भागातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. गावचेच कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक, त्यांच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ. घरोघर जाऊन आणि लहान बैठका घेऊन ‘टेन्शन’ या शब्दापासून बोलणं सुरू करायचं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणारे आधी ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. गावांत नवं इस्पितळ निघालं नव्हतं. दारापर्यंत येणारं एक माणूस वाढलं होतं, आणि ते गावातलंच होतं.

देवनहळ्ळीच्या मनोऱ्यात असं माणूस नाही. तिथे आज सगळ्यात जवळचं दार फोन आहे. १४४१६. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. वैद्यकीय बाजू निम्हान्सची, तांत्रिक बाजू बेंगळुरूच्याच आयआयआयटीची. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, वीस भाषा आहेत आणि त्यांत मराठी आहे. पहिल्या दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त फोन झाले. रात्री अडीचला बाळ झोपलेलं असताना गॅलरीत उभं राहून लावता येतो, हा याचा मोठा गुण. फोन लावल्यावर भाषा निवडायची. आधी समुपदेशक बोलतो. त्याला सांभाळण्यापलीकडचं वाटलं तर वरच्या पायरीवर तज्ज्ञ असतात, आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता मिळतो. पहिल्या वाक्यात काय बोलायचं हेच पुष्कळांना कळत नाही. ‘मला अडीच महिन्यांचं बाळ आहे, मला झोप नाही आणि भीती वाटते’ एवढं पुरतं. आजाराचं नाव सांगावं लागत नाही. नवऱ्याने बायकोसाठी केला तरी चालतो. आता आमच्या लोकांना एवढंच विचारावंसं वाटतं, की परगावच्या मराठी मंडळांच्या दिवाळी पहाटेच्या पत्रिकेत रांगोळी स्पर्धेच्या खाली हा पाच आकडी नंबर छापायला काय लागतं?

फोनच्याही आधी कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं. देवनहळ्ळीच्या रस्त्यावर पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्र आहे. एक मराठी घरातला आणि एक कोकणी घरातला, अशा दोन खेळाडूंची नावं त्याला. त्यांतल्या प्रकाश पदुकोणांच्या मुलीला, दीपिकाला, २०१४ साली नैराश्य आलं तेव्हा ते कुठल्याही डॉक्टरने पहिल्यांदा ओळखलं नाही. आई उज्जला मुंबईला भेटायला आली होती. परत निघताना मुलगी रडू लागली, आणि हे रडणं नेहमीचं नाही, कामाचं-प्रेमाचं काही नाही, हे आईने दोन प्रश्नांत ओळखून मदत घ्यायला लावली. दीपिकाने २०१५ साली हे जाहीरपणे सांगितलं आणि बेंगळुरूत संस्था काढली. ती संस्था दावणगेरे जिल्ह्यातल्या खेड्यांतून मनोरुग्ण आणि त्यांची घरं यांच्यासोबत काम करू लागली. नटीचं दुःख म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला त्यातली आई महत्त्वाची वाटते. तिने ‘सगळं तर आहे तुझ्याकडे, मग रडतेस कशाला?’ असं विचारलं नाही.

औषधाबद्दल दोन शब्द, कारण अर्धे उपचार इथेच मोडतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. हे कुणी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी पाकीट कपाटात जातं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त ती घ्यावी लागते आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू उतरवायची असते. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत. बाई पाजते आहे हे पहिल्याच भेटीत सांगायचं. ‘सवय लागेल’ ही भीती झोपेच्या काही गोळ्यांबद्दल खरी आहे, नैराश्याच्या गोळ्यांबद्दल तशी नाही. दोन्ही एकाच डब्यात ठेवून गावाने गोंधळ केला आहे.

आणि सोबत करणाऱ्याचं काय? स्किझोफ्रेनियासारख्या लांबच्या आजारात घरातला एक जण रुग्ण होतो आणि दुसरा त्याची नोकरी करायला लागतो, बिनपगारी. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी या घरांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. ‘देवराई’ हा २००४चा मराठी चित्रपट त्यांच्याच प्रयत्नांतून आला. बेंगळुरूत निर्मला श्रीनिवासन यांनी कुटुंबीयांचा ‘अमेंड’ हा गट उभा केला. अशा गटात सल्ला फुकट मिळतो, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ‘आमच्याकडेही ताट भिंतीवर आपटतो’ असं दुसरं कुणीतरी सहज म्हणतं. ज्या बाईने वीस वर्षं हे शेजाऱ्यांपासून लपवलेलं असतं, तिला त्या वाक्यानंतर घरी जाताना खांदे हलके वाटतात.

शेवटी कायदा, जो कुणी वाचत नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला त्याने दिला. विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं आधी मानायचं, त्याला खटल्यात ओढायचं नाही, त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची. माहिती गुप्त ठेवायची. म्हणजे निम्हान्सची फाईल कंपनीच्या एचआरपर्यंत किंवा स्थळ बघायला आलेल्यांपर्यंत जायचं कारण नाही.

आणि त्याच कायद्याचं १४वं कलम परगावी राहणाऱ्यांनी नक्की माहीत करून घ्यावं. आपण गंभीर आजारी पडून स्वतःचे निर्णय घेऊ शकलो नाही तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते प्रत्येक सज्ञान माणूस बरा असताना ठरवून ठेवू शकतो. त्याला वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव आणि सही किंवा अंगठा, आणि त्या माणसाची लेखी संमती. तो माणूस नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. सांगली-कराडची माणसं पोचायला रात्र जाते. देवनहळ्ळीच्या मनोऱ्यातल्या आपल्या त्या कल्पनेतल्या घरात, समोरच्या दारातल्या तमिळ ताईंचं नाव त्या कागदावर लिहिता येतं.